सूट आधी शिवायचा की फाइट आधी बसवायची?

विचारलं आहे ते थोडक्यात असं. बेळगावातल्या एका कॉलेज ग्रुपला १२ मिनिटांची सुपरहिरो शॉर्टफिल्म करायची आहे. फाइट दोन. एक शहापूरच्या बोळात रात्रीची, चार गुंडांशी. दुसरी राजहंसगडावर भर दिवसा, खलनायकाशी एकास एक. हिरो करणारा मुलगा तालमीत घुमलेला आहे. लायक्राचा अंगाबरोबर बसणारा सूट शिवावा, फोमचं चिलखत करावं, की काळं जॅकेट आणि मास्क एवढ्यावर भागवावं? मोठ्या सिनेमांत कुठल्या सूटने फाइटला मदत केली आणि कुठल्या सूटने अडवलं? शिवाय केप हवीच, असा दिग्दर्शकाचा हट्ट आहे.

निकाल आधी सांगतो, कारणं मग. आत लायक्रा, त्यावर छाती, खांदे, मनगट आणि नडगी एवढ्याच ठिकाणी फोमचे सुटे तुकडे, तोंड आणि हनुवटी उघडी ठेवणारा अर्धा मास्क, केप असेल तर टिचबटनांवर लावलेली आणि पहिला फटका पडायच्या आत निघणारी. यातलं काहीही कापायच्या आधी दोन्ही फाइट साध्या ट्रॅकपँटमध्ये पूर्ण बसवा, मोबाइलवर शूट करा आणि शिंप्याकडे जाताना तो व्हिडिओ घेऊन जा. हात किती वर जातो, कंबर कुठे वाकते, पाठ जमिनीला कधी टेकते, हे नुसती टेप लावून कुणाला कळत नाही.

सूटचा जो भाग सगळ्यात ताठ, तो फाइटची शैली ठरवतो. यातून अफाट बजेटच्या सिनेमांचीही सुटका झालेली नाही.

१९८९ चा टिम बर्टनचा 'बॅटमॅन' बघा. बॉब रिंगवुडने केलेल्या त्या रबरी सूटमध्ये टोप, मान आणि खांदे एकसंध होते. मायकेल कीटनला मान वळवता येत नसे. बाजूला बघायचं तर कमरेपासून अख्खं अंग वळवायचं. म्हणून त्यातल्या मारामाऱ्या लहान आणि समोरासमोरच्या आहेत. गल्लीतल्या प्रसंगात एक जण दोन तलवारी गरागरा फिरवत पुढे येतो आणि बॅटमॅन त्याला एका लाथेत आडवा करतो. प्रेक्षक खूश, आणि हिरोला फक्त एक पाय उचलावा लागलेला असतो. तुमच्या बोळातल्या फाइटला ही वाट जशीच्या तशी चालेल: गुंडांनी भरपूर हलायचं, हिरोने कमी.

'बॅटमॅन बिगिन्स'मधला (२००५) लिंडी हेमिंगचा सूट त्यापेक्षा बरा वाकायचा, पण मान तिथेही जखडलेलीच. फाइटसाठी केइसी नावाची पद्धत घेतली होती. तीत कोपरं डोक्याजवळ ठेवून, अंगाला भिडून आखूड फटके मारतात. हात लांब फेकावा लागत नाही की मान फिरवावी लागत नाही. जड सूटला ती शोभते. मात्र कॅमेरा इतका जवळ आणि कट इतके भराभर, की कोण कुणाला मारतंय ते धड समजत नाही. ही तक्रार जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. 'द डार्क नाइट'साठी (२००८) हेमिंगने सूटचे शंभराच्या आसपास सुटे तुकडे केले, ते जाळीदार कापडावर बसवले आणि टोप मानेपासून वेगळा, मोटरसायकलच्या हेल्मेटसारखा केला. सिनेमातच ब्रूस वेन म्हणतो की मान वळायला हवी, आणि लुशियस फॉक्स त्याला बजावतो की तुकडे सुटे झाले म्हणजे चाकू-गोळीला फटी मिळाल्या. संवाद कथेतला असला तरी कारागिराचा हिशोब तोच असतो. फट ठेवाल तिथे हालचाल मिळते आणि फट ठेवाल तिथेच माणूस उघडा पडतो. पडताना नेमकं काय जमिनीला लागणार, हे ठरवूनच फटी ठेवायच्या.

याच्या उलट 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मधली (२०१६) गोदामातली फाइट. सूट दिसायला कापडी, आतून स्नायूंचं पॅडिंग. माणूस कमरेतून वळतो, वाकतो, समोरच्याला उचलून आपटतो, आणि कॅमेऱ्याला मागे राहून सगळं दाखवता येतं. 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर'मधली (२०१४) लिफ्टमधली फाइटही बघून ठेवा. अंगावर सूट पूर्ण, पण डोकं उघडं. भोवती माणसं वाढत चालली आहेत हे त्याच्या नजरेतून कळतं आणि पहिल्या फटक्याआधीच ताण तयार होतो. तो मास्क घालून उभा असता तर तोच ताण संवादातून उभा करावा लागला असता.

आयर्न मॅनचा नाद सोडा. २००८ मध्ये खरे सूट बनवले होते तरी उडण्या-मारामारीचं बरंचसं काम संगणकावर झालं, आणि पुढे पुढे नटाच्या अंगावर छाती-हाताचा भाग नाहीतर नुसते ट्रॅकिंगचे, म्हणजे संगणकाला हालचाल टिपता यावी म्हणून खुणा केलेले कपडे असायचे. कडक चिलखत घालून कुणी दोन मिनिटांची फाइट करत नाही. उद्यमबागेत प्रत्येकाच्या ओळखीचं कुणी ना कुणी असतं आणि पत्रा हव्या त्या आकारात कापून मिळतो, म्हणून हे बजावतो: पत्रा, फायबर, पीव्हीसी पाइपचे तुकडे यांतलं काहीही फाइटच्या सूटवर नको. पाठीवर पडताना पत्र्याची कड बरगडीत शिरते, आणि समोरच्याचा हात त्यावर आपटला तर त्याची बोटं जातात.

रबर-लॅटेक्सही नको. 'बॅटमॅन रिटर्न्स'मधला (१९९२) मिशेल फायफरचा कॅटवुमनचा सूट दिसायला अप्रतिम, पण लॅटेक्स ताणलं की फाटतं, म्हणून शूटिंगसाठी त्याच्या ढिगाने प्रती लागल्या. तुमच्याकडे दोनच सूट असणार.

आता मास्क. याची चर्चा नेहमी दिसण्यापुरती होते, आणि जखमा मात्र मास्कपायीही होतात. मास्क घालून एक चाचणी करा. समोर एका बिंदूकडे बघत दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरा आणि बोटं हलवा. मास्कविना बोटं हलल्याचं जाणवतं. मास्क घातल्यावर जाणवत नसेल तर हात हळूहळू पुढे आणा. बोटं दिसू लागतील तिथपासून मागचा सगळा भाग आंधळा. तो खडूने जमिनीवर आखून घ्या. त्या पट्ट्यातून येणारा प्रत्येक फटका आवाज देऊनच यायला हवा: गुंड करणाऱ्याने पाय आपटायचा किंवा 'हां' म्हणायचं, आणि तो आवाज नंतर एडिटमध्ये काढायचा. टोपाने कान झाकले असतील तर आवाजावर विसंबू नका, पाय आपटण्यावर राहा. पायाला धमक जाणवते.

दुसरी चाचणी खाली बघण्याची. मान सरळ ठेवून पावलांपुढची दीड-दोन हात जमीन दिसते का? शहापूरच्या बोळात घरांच्या पायऱ्या रस्त्यात आलेल्या असतात, बाजूला गटार असतं, मध्येच दुचाकी उभी असते. मास्कच्या गालाची कड अर्धा इंच कापली तरी खालचं बरंच दिसू लागतं. डोळ्यांची भोकं मोठी ठेवायला घाबरू नका. भोकांभोवतीच्या कातडीला काळा रंग किंवा काजळ लावलं की कॅमेऱ्यात मास्क आणि कातडी एकच दिसतात. बॅटमॅनच्या सिनेमांत हेच करतात. जाळी किंवा काचा लावायच्याच असतील तर क्लोजअपच्या मास्कला लावा, फाइटच्या मास्कला नको. काचेवर वाफ धरते. भांडी घासायच्या लिक्विडचा पुसट हात आतून फिरवला की थोडा वेळ भागतं, पण घाम फुटल्यावर तेही चालत नाही.

पूर्ण चेहरा झाकला की अभिनय मानेवर आणि खांद्यांवर येतो. २००२ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये छपरावर स्पायडर-मॅन आणि ग्रीन गॉब्लिन बोलतात तो प्रसंग बघा. दोघांचे मुखवटे अचल, त्यामुळे सगळा भार हातवाऱ्यांवर आणि मानेवर येतो. शेवटच्या मारामारीत मास्क फाटलेला आहे, आणि २००४ च्या भागात रेल्वेच्या प्रसंगात तो निघालेलाच आहे; चेहरा दिसल्याशिवाय माणसाला लागलेलं प्रेक्षकाला लागत नाही. पुढे २०१६ पासून त्या मास्कचे डोळे लहानमोठे होऊ लागले, पण ती संगणकाची करामत. तुम्हाला अर्धा मास्क पुरे. त्याचा एक फायदा पूर्ण मास्कइतकाच मिळतो: उडी-कोलांटीसाठी दुसरा मुलगा घालता येतो. मात्र हनुवटीची ठेवण आणि दाढी जुळायला हवी.

लायक्राकडे येऊ. चारही बाजूंनी ताणणारं, २०० ते २४० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) कापड घ्या. खडेबाजारात विचारताना डान्सचे कपडे शिवायला नेतात ते नको. ते पातळ असतं आणि गुडघा वाकवला की आतलं दिसतं. दुकानातच कापड मुठीवर ताणून बघा. ताणल्यावर रंग पांढरट पडत असेल तर ठेवून द्या.

माप अंगापेक्षा कमी धरायचं. घेरात साधारण १० टक्के: छाती ३८ इंच असेल तर सूट ३४ च्या आसपास. पण उभ्या मापात एवढी कपात करू नका. खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून मागे, परत त्याच खांद्यापर्यंत, हे माप जरूर घ्या. नेहमीच्या शर्ट-पँटसाठी ते कुणी घेत नाही, त्यामुळे सांगितल्याशिवाय शिंपी घेणार नाहीत. त्यात ३ ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी केलं की सूट खांदे खाली ओढतो, मुलगा पोक काढून उभा राहतो आणि पहिल्या उंच लाथेला दोन पायांमधली शिवण उसवते.

काखेचा भाग सगळ्यात जास्त फसतो, म्हणून तो जरा नीट सांगतो. मोकळं वाटावं म्हणून शिंपीमामा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, खोल कापतात. शर्टाला ते चालतं. अंगाबरोबर बसणाऱ्या सूटला खोल मुंढा म्हणजे बेडी. हात वर केला की बाही सूटच्या कुशीला धरून वर खेचते, कंबरेचा पट्टा बरगडीवर चढतो, आणि ठोसा मारताना खांदा अर्ध्यात अडतो. मुंढा काखेला चिकटून, उंच हवा. शिवाय बाहीची आणि कुशीची शिवण भेटते तिथे शंकरपाळीच्या आकाराचा तुकडा, प्रत्येक बाजू सुमारे ४ इंच, ताण आडवा येईल असा बसवायचा. दोन पायांमध्येही तसाच, थोडा लांबट. हे दोन तुकडे बसवलेत तर तोच सूट हात कानाला लावून वर नेऊ देतो आणि गुडघा छातीला टेकवू देतो. रंग वेगळा दिला तर डिझाइनचा भाग वाटतो.

टाका सरळ नको. सरळ टाका ताण आला की कटकट तुटतो. ओव्हरलॉक, नाहीतर साध्या मशीनवर बारीक नागमोडी टाका, गोल टोकाची ७५ नंबरची सुई आणि पॉलिएस्टर दोरा. चेन पाठीवर असेल तर ती मणक्याच्या बरोबर वर येते आणि लोळण घेताना मणक्यात रुतते, कधी फुटतेही. चेन एका बाजूला इंचभर सरकवा आणि तिच्या आत मऊ पट्टी लावा. आतून सपोर्टर हवाच. तालमीतल्या पोराला लंगोट जास्त सोयीचा, आणि तो लायक्राखाली दिसतही नाही. गुडघा, कोपर आणि कमरेच्या हाडावर पातळ पॅड आधी अंगावर चढवून मगच मापं घ्या, नाहीतर ऐन वेळी पॅड आत मावत नाहीत.

सूट हाती आल्यावर लगेच १० बैठका, १० दंड, दोन पुढच्या आणि दोन मागच्या कोलांट्या, आणि हात न टेकता पाठीवरून उठणं. एवढ्यात काय उसवायचं ते उसवतं. शूटच्या दिवशी उसवण्यापेक्षा ते बरं.

लायक्राची खोड अशी की ती काहीच लपवत नाही. ढिला पवित्रा, अर्धवट लाथ, पोट सुटलेलं, सगळं दिसतं. जॅकेटमध्ये ठोसा फूटभर लांबून हुकला तरी कापडाची फडफड डोळ्याला फसवते. लायक्रात हात आणि समोरच्याचा गाल यांतली मोकळी जागा स्वच्छ दिसते. म्हणून लायक्राच्या फाइटमध्ये अंतर ६ ते ८ इंचांवर आणावं लागतं आणि कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे, जवळपास ठोशाच्या रेषेत ठेवावा लागतो. बाजूने शूट केलं की फाइट संपली. थोडं लांब उभं राहून झूम वापरला तर अंतर आणखी आवळल्यासारखं दिसतं.

फोमचे तुकडे ही खोड झाकतात. चपलांच्या सोलला वापरतात ते ईव्हीए शीट घ्या. न मिळाल्यास लहान मुलांच्या खेळायच्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया चालतात. छातीला १० मिलीमीटर, हात-नडगीला ६, वरच्या नक्षीला २ किंवा ३. मुलाच्या अंगाला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, तिच्यावर मास्किंग टेपचे थर द्या, त्यावर पेनने तुकडे आखा आणि कापून काढा. हाच तुमचा कागदी साचा. चिकटवायला फेविकॉल एसआर. दोन्ही बाजूंना पातळ हात, १० ते १५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. एकदा टेकलं की सरकत नाही, तेव्हा नीट बघून. पावसाळी दमट हवेत वाळायला जास्त वेळ लागतो. घाई केली की सांधा फाइटमध्ये उघडतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसची शेगडी असलेल्या खोलीत हे काम अजिबात करू नका.

छातीचा तुकडा शेवटच्या बरगडीच्या दोन बोटं वरच संपला पाहिजे. तो पोटापर्यंत उतरवला तर मुलगा वाकताना खालची कड मांडीला लागते, अख्खा तुकडा वर सरकतो आणि वरची कड हनुवटीवर बसते. दाताखाली जीभ सापडते ती अशी. खांद्याच्या वाट्या छातीच्या तुकड्याला चिकटवू नका. गळ्याजवळच्या पट्ट्यावरून लोंबत्या ठेवा, म्हणजे हात वर जाताना त्या वर सरकतात. मांडीला तुकडा लावायचाच तर जांघेच्या घडीपासून चार बोटं खाली सुरू करा, नाहीतर कमरेच्या वर लाथ जाणार नाही. कोपर आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीही नको. तुकडे इंचभर रुंद इलॅस्टिक आणि बॅगेला असते तशा क्लिपने बांधा. वेल्क्रो लोळण घेताना सुटतो, आणि शांत प्रसंगात त्याचा चर्र आवाज माइकमध्ये येतो. वाकणाऱ्या भागावर साध्या फेविकॉलचे थर देऊन गुळगुळीत करू नका; तो थर पहिल्याच दिवशी तडकतो.

तुमचा हिरो पैलवान आहे, तर गडावरच्या फाइटमध्ये कुस्तीचे डाव येणारच, आणि यायलाच हवेत. सुपरहिरोने मुष्टियुद्धच करावं असा काही नियम नाही. पण कुस्ती उघड्या अंगाची आणि लंगोटाची आहे; घामाने भिजलेल्या लायक्रावर पकड सुटते. धोबीपछाड मारताना समोरच्याची छाती हिरोच्या पाठीवर चपखल बसावी लागते. पाठीवर १० मिलीमीटरचा फोम असेल तर दोघांत फट राहते, वजन खांद्यावर येत नाही आणि माणूस बाजूला घसरून मानेवर पडतो. म्हणून हिरोची पाठ फोमविना ठेवा. कमरेला मात्र धरण्याजोगा खरा पट्टा द्या. अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून दीड-दोन इंच रुंदीचा चामडी पट्टा शिवून घ्या, आतून नायलॉनची पट्टी लावा आणि तो सूटला जागोजागी अडकवा. नुसता चिकटवलेला पट्टा पहिल्या उचलीतच हातात येतो. खलनायकाला सैल, जाड कापडाचा अंगरखा द्या. हिरोला पकडायला काहीतरी मिळतं आणि दोघं वेगळे ओळखू येतात.

केपबद्दल दिग्दर्शकाचं मन राखता येईल, पण गळ्याशी गाठ नको. लोळण घेताना केप पाठीखाली सापडते आणि गाठ गळा आवळते. सूटच्या आत दोन्ही खांद्यांवरून छातीवर फुली मारणारी पट्टी शिवा आणि केप त्या पट्टीला खांद्यांवर प्रत्येकी दोन टिचबटनांनी लावा. एका हाताने जोरात ओढल्यावर चारही बटनं सुटायला हवीत. सुटत नसतील तर संख्या कमी करा. साडेपाच फुटांच्या आसपासच्या मुलाला पोटरीपर्यंतची अर्धवर्तुळाकार केप करायला ५८ इंची पन्ह्याचं अडीच-पावणेतीन मीटर कापड लागतं. घोट्यापर्यंत करू नका. मागे पाऊल टाकताना टाचेखाली येते. गडावर वारा असतो, तेव्हा पातळ कापड तोंडावर येतं. खालच्या कडेच्या आत जाड दोरी शिवली की केप जड पडून लाटेसारखी हलते. शिवजयंतीच्या चित्ररथावर तलवार फिरवणारी पोरं शेल्याचं टोक कमरेत खोचून ठेवतात, ते याच कारणाने. 'मॅन ऑफ स्टील'मध्ये (२०१३) अनेक शॉटमधली केप संगणकावर काढलेली आहे, कारण खरी केप फाइटमध्ये कुणाचंच ऐकत नाही.

काळं जॅकेट-मास्कचा पर्याय टाकाऊ नाही. 'क्रिश'मधला (२००६) लांब काळा कोट आठवा. गिरकी घेताना कोटाचा घेर गिरकी मोठी दाखवतो, आणि दोरावर लटकण्याचा हार्नेस कोटाखाली आरामात मावतो. लायक्राखाली हार्नेस लगेच दिसतो. त्यासाठी एक माप मोठा वेगळा सूट आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना दोर बाहेर काढायला भोकं लागतात. तुम्ही मात्र दोराचं काम प्रशिक्षित माणसाविना करू नका. बजेट फारच तुटपुंजं असेल तर बोळातली फाइट जॅकेटमध्ये करा आणि सूट गडावर पहिल्यांदा दाखवा. कथेलाही ते बरं.

बोळात रात्री काळा सूट म्हणजे अंधारात अंधार. मागून एक दिवा, हिरोच्या डोक्याच्या वर, कडा उजळेल असा ठेवा. समोरून थोडाच उजेड. फोमच्या कडांवर पुसट चंदेरी हात फिरवला की ठोसा कुठून आला ते दिसतं. गडावर उलटी अडचण: उन्हात काळा लायक्रा करडा दिसतो आणि घामाचे डाग उठतात. गडद निळा किंवा मरून जास्त सुरक्षित. तांबडी माती लागली की ती निघत नाही, म्हणून प्रत्येक शॉटनंतर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या शॉटला डाग गायब झाला तर प्रेक्षकांच्या लक्षात येतंच.

शूटचा क्रम सूटच्या दृष्टीने लावा. स्वच्छ सूटचे उभे शॉट आणि क्लोजअप आधी, मग उभ्याने मारामारी, मग जमिनीवरची झोंबाझोंबी, फाटाफाटी शेवटी. गडावर शूटिंगची परवानगी आधी घ्या आणि तटावरून उड्या मारण्याचा विचारही नको. दोन-तीन फुटांच्या उंचीवरून गादीवर उडी आणि खालून कॅमेरा एवढं पुरतं. हिरोला दर २० मिनिटांनी छातीचा तुकडा काढून पाणी द्या. संध्याकाळी सूट उलटा करून पंख्याखाली टांगा, उन्हात नको, लायक्राचा ताण मरतो. फोमच्या आतल्या बाजूला सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा, दिवा-अगरबत्तीपासून लांब; आधी एका कोपऱ्यावर मारून रंग उतरत नाही ना ते बघा. बेळगावच्या पावसात भिजलेला सूट एका रात्रीत वाळत नाही, आणि ओल्या लायक्रात काखा सोलून निघतात. दुसऱ्या दिवशीही फाइट असेल तर दुसरा सूट त्यासाठीच कोरडा राखून ठेवा.